यादीतलं शेवटचं घर

एका म्हाताऱ्या बाईच्या वाट्याचा ख्रिस्तप्रसाद मी स्वतः खाल्ला. का, तर मला घाई होती.

मी उपयाजक आहे, म्हणजे धर्मगुरू होण्याच्या एक पायरी अलीकडे. चाळिशीपर्यंत ठाण्यात कारकुनी केली आणि उशिरा या वाटेला लागलो. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजारी माणसांना घरी जाऊन कम्युनियन, म्हणजे हा ख्रिस्तप्रसाद, देणं हे माझं काम. बाळकुमची मावशी यादीत शेवटची. नव्या टॉवरांच्या मागे तिचं बैठं घर आहे. गुडघ्यांमुळे बाहेर पडणं बंद. मी जायचो तेव्हा टेबलावर पांढरं कापड आणि मेणबत्ती तयार असायची, आणि मावशी सकाळपासून उपाशी. प्रसादाआधीचा उपास आजाऱ्याला लागू नाही, हे मी कितीदा समजावलं. "पाव्हणा यायच्या आधी जेवतं का कोणी?" ती म्हणायची. माझ्या गाण्याचीही टिंगल करायची. मी फादर होऊन मिस्सेची उपासना गायला लागलो की लोक ती लवकर संपावी म्हणून प्रार्थना करतील, असं तिचं मत.

त्या शुक्रवारी धर्मगुरुपदाच्या दीक्षेच्या झग्याचं माप द्यायला मला कल्याणच्या शिंप्याकडे जायचं होतं. पवित्र प्रसादाची डबी घेऊन एसटीत बसणं बरं नव्हे, आणि चर्चला परत जायला वेळ नव्हता. म्हणून शेवटून दुसऱ्या घरीच मी उरलेला प्रसाद ग्रहण केला, डबी पुसली आणि खोपटच्या एसटी स्टँडला जायला रिक्षा पकडली. संध्याकाळी आमच्या चर्चच्या फादरांनी विचारलं, सगळी घरं झाली का? मी हो म्हणालो.

रविवारी चर्चच्या आवारात मावशीच्या सुनेने मला गाठलं. मावशी दुपारी तीनपर्यंत उपाशी बसली होती. नंतर म्हणाली, "माझं नाव काढलं यादीतून. पाण्यावरून शेजारणीशी भांडले ते चर्चपर्यंत गेलं असणार." मी सुनेला सांगितलं की रिक्षा मिळाली नाही.

पुढचे दोन दिवस झग्याचा विचारही नकोसा झाला. शेवटी फादरांसमोर पापनिवेदन केलं. त्यांनी क्षमेची प्रार्थना म्हटली आणि हळूच म्हणाले, "देवाकडचं मिटलं. आता बाळकुमला जा. आणि रिक्षाची गोष्ट पुन्हा सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी डबी घेऊन गेलो. मावशी आणि ती शेजारीण समोरासमोर बसून भिजवलेले वाल सोलत होत्या, सून बाजूलाच होती. मला बघून मावशीचा चेहरा असा उजळला की मला मान वर करवेना.

"बघ बाबा, भांडण मिटवलं," ती म्हणाली. "मीच गेले तिच्या दारात, हिचा हात धरून," म्हणत तिने सुनेकडे बोट केलं. "आता तरी देव येईल ना माझ्याकडं?"

शेजारीण हात पुसून पांढरं कापड आणायला उठली. मी तिला थांबवलं. डबी उघडण्याआधी मला बोलायचं होतं, आणि त्या तिघींसमोरच.

"मावशी, भांडणाचा काही संबंध नाही. तुमचं नाव कुणी काढलं नव्हतं. देव तुमच्याकडे यायलाच निघाला होता, मीच त्याला आणलं नाही. मला झग्याचं माप द्यायची घाई होती. तुमच्या वाट्याचा प्रसाद मी खाल्ला, तुम्हाला उपाशी ठेवलं आणि वर तुमच्या सुनेशी खोटं बोललो. माझं चुकलं. मला माफ करा."