खाडीवरचा दहावा

गोडदेवच्या तलावाभोवती नगरपालिकेने बाग केली, तेव्हा मला तिथे झाडलोटीला ठेवलं. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मी चौथी शिकलेली आणि गावातलीच, म्हणून फाटकाची चावीही माझ्याकडेच दिली.

गावात कोणी गेलं की त्याचा दहावा तलावावर व्हायचा. पूर्वी पावसात शेतांतलं पाणी तलावात उतरायचं, भरून वाहायचं आणि नाल्याने खाडीला जायचं. घाण टिकत नसे. शेतांवर बिल्डिंगी उभ्या राहिल्या आणि पाणी यायचं थांबलं. मग पिंडांचा भात, फुलं, केस तिथेच कुजू लागले. एका उन्हाळ्यात मासे उलटे होऊन तरंगले. ते मीच टोपल्यांत भरले. पालिकेच्या साहेबांनी तलावावरचा दहावा बंद केला आणि लोकांना परत पाठवायचं काम माझ्याकडे आलं. मी पाठवलं. आमच्या आळीतली म्हातारी मुलाच्या दहाव्याला आली, तिलाही पाठवलं.

मग माझा नवरा गेला.

धाकटा दीर म्हणाला, "वयनी, चावी तुझ्याच कमरंला हाय. उघड नि मोकली हो."

"नाही उघडणार."

"दादा याच पान्यात पवायला शिकला, नि त्यालाच भायेर ठेवतंस? पगार देते म्हनून पालिका तुझी सासू झाली काय?"

साहेबही म्हणाले, "बाई, तुमच्यापुरतं उघडा. कोणी बोलणार नाही."

कोण बोलेल ते मला माहीत होतं.

आम्ही खाडीवर गेलो. ओहोटी होती. पाणी लांब, मध्ये गुडघाभर चिखल. काठची तिवरं लोकांनी चुलीसाठी तोडलेली, कावळ्याला बसायला फांदी नव्हती. पिंड मांडून उन्हात बसलो. कावळा येईना. दीर हात जोडून कबूल करत होता, वयनीला बघू, घर बघू. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले, तर म्हातारी फाटकाशी उभी.

"उघडलं न्हाय ना?"

"नाही."

"उघडलं असतंस तर तोंडावर थुकली असती तुझ्या."

मग ती आत येऊन बाकावर बसली. मी झाडायला लागले. तिच्या मुलाच्या पिंडाला कावळा शिवला होता का, ते मी विचारलं नाही.