निळा कागद निळाच राहिला

इब्राहिमभाई गेल्याचं मला बाजारात कळलं. गडमुडशिंगीचा एक ओळखीचा माणूस गाडीवरूनच ओरडला, "अण्णा, तुमचा गवंडी गेला की!" आज त्याला काही आठवडे झाले, पण मित्र म्हटलं की मला अजूनही प्लेगच्या साथीतलं त्याचं ते घर आठवतं...

साथ येण्याच्या थोडं आधी तो परांचीवरून पडला. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. डॉक्टरांनी ते बसवलं, बांबूच्या खपच्या बांधल्या, हाड सरळ राहावं म्हणून टाचेला दोरीनं वाळूची पिशवी टांगली आणि त्याला फळीवर उताणं निजवलं. पट्टी बदलताना ते जखमेतल्या पाण्याला निळ्या कागदाचा तुकडा लावत. तो लाल व्हायचा. "मोडल्या जागी आधी आंबटपणा येतो," ते म्हणाले. "तो आहे तोवर हाड चुना धरत नाही. ओसरला की धरायला लागतं. असा माझा अनुभव आहे, खात्री नाही."

हे ऐकून अमिनाभाभींनी घरातली चिंच, ताक सगळं बंद केलं. डॉक्टर हसले, "बाई, तो आंबटपणा पोटातला नव्हे!" इब्राहिमभाई मात्र फळीवरूनच म्हणाला, "म्हंजे भित वली हाय म्हणा की. वल्या भितीला हात लावायचा न्हाय."

मग आमच्या पेठेत उंदीर पडायला लागले. लोक घरं सोडून गावाबाहेर झोपड्यांत गेले. डॉक्टरांनी पुन्हा कागद लावला, लालच झाला. "आत्ता हलवला तर हाड सरकेल. सडलं, तर पाय गुडघ्यावरून कापावा लागेल. न हलवला तर..." त्यांनी वर कौलांकडे बघितलं. इब्राहिमभाईनं भाभींना मुलांसकट झोपडीत धाडलं. मी माझी माणसं मळ्यात पाठवून त्याच्याजवळ राहिलो. तो रोज भांडायचा, "तू जा की, अण्णा! माझ्यापायी का मरतुस?"

अख्ख्या गल्लीत आम्ही दोघंच. त्याला कुशीवर वळता येत नव्हतं. दिवसभर वरचे वासे बघत पडायचं, कौलांत काही खसपसलं की श्वास धरायचा. मी पाणी आणायला गेलो असताना एके सकाळी त्याची हाक ऐकू आली, तशी घागर टाकून धावलो. वाशावरून मेलेला उंदीर त्याच्या खांद्याजवळ पडला होता. घामानं भिजलेला तो गडी मान तेवढी दुसरीकडे वळवून पडला होता. "उचल ह्ये... मला सरकता बी येत न्हाय, अण्णा." मी चिमट्यानं उंदीर बाहेर नेऊन जाळला. परत आलो तर तो टाचेची दोरी सोडायला धडपडत होता, हात पोचत नव्हता. "सोड मला! पाय गेला तर जाऊ दे!" मी त्याचे हात धरून बसलो. आम्ही दोघंही रडत होतो.

दुपारी डॉक्टर झोपड्यांकडून आले. उंदराचं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी कागद जखमेला लावला. आम्ही तिघंही त्याकडे बघत राहिलो. निळाच राहिला. दुसरा तुकडा लावला, तोही निळा. मग त्यांनी नडगीवरून हळूच बोट फिरवलं. तिथं टणक गाठ लागली. "धरलंय," ते म्हणाले. "फळीसकट उचला. जपून."

मी झोपड्यांतून बोलावून आणलेल्या चौघांनी त्याला उचललं. गल्लीत उन्हात येताच इब्राहिमभाईनं दोन्ही हात बाजूला पसरले. भिंतींना लागतील म्हणून कोणी आवरायला सांगितलं, तरी त्यानं ते मिटले नाहीत.

पाय किंचित आखूड राहिला, पण त्यावर उभा राहून त्यानं पुढं कितीतरी घरं बांधली. छपराखाली मात्र तो पुन्हा कधी निजला नाही. गारठ्यात घोंगडी, पावसात ताडपत्री, पण बाज कायम कट्ट्यावर. तिथंच तो गेला.

परवा भाभींना भेटायला गेलो तर बाज तिथंच होती. आभाळ भरून आलं होतं, म्हणून मी ती आत घ्यायला उचलली. भाभी दारात आल्या.

"आत नगा घिऊ, भावजी," त्या म्हणाल्या. "त्येंला आत गुदमरतंय."

मी बाज खाली ठेवली.