आईचा हँडब्रेक

गिरगावातल्या आमच्या वाडीत गाडी लावायची ती न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक सोडून. कोणाला बाहेर पडायचं असेल तर तो तुमची गाडी ढकलून वाट करून घेतो. हा नियम आईने कधी पाळला नाही. ती हँडब्रेक करकचून ओढायची आणि कोणी हाक मारली की तिसऱ्या मजल्यावरून उतरून स्वतः गाडी हलवायची. पन्नाशीत शिकून घेतलेल्या गाडीला दुसऱ्याचा हात लागलेला तिला चालत नसे.

मग तिच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि चार महिने चावी तळमजल्यावरच्या काकांकडे राहिली. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आई पुन्हा गाडीत बसली आणि म्हणाली, "स्टीअरिंग जड करून ठेवलंय त्यांनी." खांद्याचं नाव काढलेलं तिला खपत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मलाही दोष गाडीचाच असायला हवा होता.

मी गाडीला लॅपटॉप जोडायची केबल मागवली आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसले. स्टीअरिंग फिरवायला आतली मोटर किती जोर लावते, ते सॉफ्टवेअरमधून वाढवता येतं. जोर वाढवला, तर प्रोग्रॅम म्हणाला, चाकं सरळ ठेवून मधली जागा नोंदवा.

"सरळ आहे का गं?"

"सरळ आहे."

एंटर दाबलं. डॅशबोर्डवर बिघाडाचा पिवळा दिवा लागला आणि स्टीअरिंग दगडासारखं घट्ट. तीनदा तेच झालं. गाडी बंद कर, केबल काढ, परत लाव. माझं डोकं फिरलं. शेवटी खाली उतरून पाहिलं तर पुढचं चाक भिंतीकडे तोंड करून उभं. काकांनी गाडी लावताना स्टीअरिंगचा एक अख्खा फेरा तसाच ठेवला होता. स्टीअरिंगच्या मधोमध असलेलं कंपनीचं चिन्ह सरळ दिसत होतं, आईने तेवढंच पाहिलं.

"चाकं सरळ आहेत का, असं विचारत होते मी."

"तू नुसतं सरळ आहे का म्हणालीस."

तिचं बरोबर होतं, त्यामुळे मी आणखीच चिडले. चाकं सरळ करून पुन्हा नोंद केली. दिवा गेला. जोर शेवटच्या आकड्यावर नेला आणि स्टीअरिंग एका बोटाने फिरवून पाहिलं.

"घे आता मागे."

पाण्याच्या टाकीशेजारी गाडी घालायला स्टीअरिंग पूर्ण फिरवावं लागतं. अर्ध्यावर आईचा उजवा हात थांबला.

"अजून जडच आहे," ती म्हणाली.

"आई, एका बोटाने फिरतंय ते." माझा आवाज नको तेवढा चढला होता.

डाव्या हाताने थोडं थोडं फिरवत तिने गाडी आत घातली, इंजिन बंद केलं. मी सवयीने हँडब्रेकच्या करकरीची वाट पाहिली. आई उतरून जिन्याकडे निघाली.

"हँडब्रेक सोडलाय," ती मागे न बघता म्हणाली. "कोणाला बाहेर पडायचं असलं, तर ढकलू दे."