फुंकरीने पिवळं झालेलं पाणी

लेकीच्या माशांच्या टाकीतलं थोडं पाणी काल मी काचेच्या नळीत घेतलं आणि त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. पाणी निळं झालं आणि मला भरे गावातली आमची शाळा आठवली.

मी डोंगरावरच्या वाडीतून शाळेत यायचे. वर्गात माझ्या शेजारी कुणी बसत नसे. एकदा विज्ञानाच्या बाईंनी असंच निळं पाणी चंचुपात्रात घेतलं, मला पुढे बोलावून हातात नळी दिली आणि म्हणाल्या, "हळूहळू फुंकत राहा."

मी फुंकत राहिले. बुडबुडे येत गेले, पाणी आधी हिरवट आणि मग पिवळं झालं.

"बाई, वाडीवरची हाय ती! तिच्या तोंडानं पाणी नासलं," मंदा ओरडली. सगळा वर्ग हसला. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

बाईंनी दुसरं निळं पाणी घेऊन स्वतः फुंकलं. तेही पिवळं झालं. मग त्यांनी मंदाला फुंकायला लावलं. तिचंही पिवळंच.

"श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला, की पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि त्यातलं निळं औषध पिवळं पडतं," बाई म्हणाल्या. "माझ्या श्वासानं, तसंच तुमच्याही." मग त्यांनी माझं पाणी दिव्यावर तापवलं. वायू निघून गेला आणि ते परत निळं झालं.

तेव्हा मी फक्त रंग बघत होते. बाई मंदाला रागावल्या नाहीत, हे मला आत्ता जाणवतं.

पाणी निवल्यावर मंदा आणखी एक नळी घेऊन माझ्याजवळ आली. "चल, दोघी मिळून फुंकू," ती म्हणाली, "बगू किती लवकर पिवळं व्हतंय."