विलासच्या नावाचं पान

"आत्या, बाबा गेले," एवढंच म्हणून भाच्यानं फोन ठेवला. देवळीत सगळे माझ्या भावाला अरुणभाऊ म्हणत. कापडाच्या दुकानावर तेच नाव, रेशनकार्डावर तेच, आणि महिन्याभरापूर्वी मिळालेल्या मृत्यूच्या दाखल्यावरही तेच. नाव मात्र त्याचं नव्हतं. हे डोळ्यांनी पाहिलेली मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहिते.

आम्ही मूळचे नाचणगावचे. मला दोन भाऊ, अरुण पाच वर्षांचा आणि विलास अडीच. मी नऊ वर्षांची असताना अरुण तापानं गेला. आई तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी तिनं विलासला मांडीवर घेतलं, अरुणचा सदरा त्याच्या अंगात घातला आणि म्हणाली, "विलास गेला. हा माहा अरुण हाय." सदरा त्याच्या गुडघ्याखाली लोंबत होता. बाबांनी मान खाली घातली. मग तिनं माझा हात त्याच्या डोक्यावर ठेवला... "ते नाव तोंडातून काढशीन तं हा बी जाईन." नवव्या वर्षी अशी शपथ कोण मोडतं? सत्तरी ओलांडली तरी माझ्यानं मोडवली नाही. गाव थोडे दिवस कुजबुजलं, मग बाबांनी देवळीला दुकान टाकलं, आणि तिथे कुणाला काय ठाऊक!

शाळेत बाबांनी अरुणचाच जन्मदाखला दिला. एका दिवसात अडीच वर्षांनी मोठा झालेला हा पोरगा वर्गात सगळ्यांत बुटका, पहिलीत दोनदा बसला. विलास डावरा, अरुण उजव्या हाताचा. म्हणून आई जेवताना त्याचा डावा हात आपल्या पदराला बांधून ठेवी. अरुणला वांग्याचं भरीत आवडायचं म्हणून यालाही रोज भरीत. ओठ खाजायचे तरी खायचा, आणि पुढे पुढे ते त्याला खरंच आवडू लागलं. 'माणूस कशानं घडतो' यावर शिक्षिका झाल्यावर मी मुलांना निबंध लिहायला देत असे. घरी उत्तर माझ्यासमोर जेवायला बसलेलं असायचं आणि मला बघवत नसे.

सगळ्यांत वाईट पितृपक्ष. एवढ्या लहान मुलांचं श्राद्ध नसतं, हे सांगून गुरुजी थकले, पण आई दरवर्षी विलासच्या नावाचं पान वाढायचीच. ते गच्चीवर कावळ्यांना ठेवायचं काम याच्याकडे. हात जोडून हा म्हणायचा, "ये विलास, जेवून घे." खाली उभी राहून मी ते ऐकायचे. आई गेल्यावरही त्यानं हे सोडलं नाही. "लहाना भाऊ हाय माहा, त्याले उपाशी काऊन ठेवू?" असं म्हणून हसायचा. मायाळूच होता तो. कापड मोजताना गिऱ्हाइकाला चार बोटं जास्तच द्यायचा.

शेवटची भेट वर्ध्याच्या दवाखान्यात. उजव्या हाताला सलाईन होतं. त्यानं चहाचा कप डाव्या हातानं उचलला आणि एक थेंब न सांडता प्यायला... साठाहून जास्त वर्षांनी. कप ठेवून म्हणाला, "ताई, मले कोनी तरी विलू, विलू म्हनून बलावून राह्यलं वो. आवाज आईसारखा वाटते." तेव्हा सांगायला हवं होतं. निदान स्वतःचं नाव घेऊन तरी गेला असता. मी म्हणाले, "ताप हाय तुले. झोप बरं." तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. शपथेचं नाव पुढे करून मी जन्मभर नुसती भीत होते, हे कबूल करायला मला लाज वाटते.

गेल्या आठवड्यात भाच्याचा पुन्हा फोन आला. पितृपक्ष जवळ आला होता. "आत्या, बाबाचं पान औंदा वाढाचं का वर्ष झाल्यावर? विलासकाकाचं तं वाढाच लागन न?" मी सगळं सांगून टाकलं. पलीकडून दुकानातला पंखा तेवढा ऐकू येत होता.

"म्हंजे बाबा सोताचंच पान ठेवत होते..." तो म्हणाला. मग आवाज एकदम खाली आणून, "मंग जो खरा मेला, त्याले इतके वर्षं कोनीच नाई जेवू घातलं का वो आत्या?"

हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. फोन ठेवल्यावर मी डोळे मिटून अरुणचा चेहरा आठवायला बसले. पुन्हा पुन्हा विलासच समोर आला.