सादं पेट्रोल

परवा मनीषनगरात कुणी झाड कापत होतं. पेट्रोलवरच्या करवतीचा तो जळक्या ऑइलचा वास आला आणि मी खिडकी धाडकन लावून घेतली.

सत्तरच्या दशकात मी आणि रामभाऊ लाकडं कापायच्या एका आरामशीनवर मेकॅनिक होतो. एकदा घाईत मी अशाच करवतीत सादं पेट्रोल भरलं, ऑइल मिसळलंच नाही. पिस्टन जाम झाला.

‘कोनं भरलं हे?’ मालक ओरडला. मी रामभाऊकडे बोट दाखवलं. मालकानं त्याला तिथंच काढून टाकलं.

जाताना त्यानं करवतीच्या दातांना धार लावायची आपली कानस माझ्या हातात ठेवली. ‘तूच ठेव गा. अन् पेट्रोलात ऑइल टाकाले इसरत जाऊ नको,’ तो हळूच म्हणाला.

तो हे मालकाला ऐकू जाईल असं बोलला असता, तर मी ते सगळं कधीच विसरून गेलो असतो.