निघायच्या वाटेवरचा देव

आदरणीय सुखदेवराव मनवर यांना मी प्रथम पाहिले ते आसेगावच्या पुढच्या जंगलात, सागवान तोडीवर. मी तिथे टोळीचा मुकादम होतो. हवाई दलातून निवृत्त होऊन इंझोरीला शेती करणारे हे गृहस्थ मजुरांना सुरक्षितपणे काम करायला शिकवतील, असे ठेकेदाराने सांगितले होते. आम्हाला वाटले, टोप्या वाटतील, भाषण करतील आणि जातील. त्यांनी मला सरळ प्रश्न विचारला.

"मुकादम, झाड पडन तवा तुमचा मानूस कुठी जाईन?"

"मांगं सरकन."

"मांगं काय आहे?"

मी वळून पाहिले. मागे तोडलेल्या फांद्यांचा ढीग होता.

हेलिकॉप्टरखाली दोराला ओंडके अडकवून ते डोंगरात पोचवायचे, असे काम सुखदेवरावांनी अनेक वर्षे केलेले. वरून वाऱ्याचा मारा, डोळ्यांत धूळ, कानांना काही ऐकू येत नाही. अशा वेळी हुक लावणारा माणूस आधी आपली निघायची वाट पाहून ठेवतो, मगच हुकाला हात लावतो, असे त्यांनी सांगितले. त्यावर माझे मेहुणे विठ्ठलराव, जे आमच्या टोळीत करवतीचे मशीन चालवतात, म्हणाले, "साहेब, आमचं झाड काई उडत नाई."

"पडते तं ना?" सुखदेवराव म्हणाले. सगळे हसले, तेही हसले.

अडचण वेगळीच होती. आमच्याकडे झाड तोडण्याआधी बुंध्याशी कुंकू लावलेला दगड ठेवून हात जोडतात. ज्याला हात जोडले त्याला पाठ दाखवायची नाही, म्हणून झाड कलले की आमची माणसे देवळातून निघावे तशी, तोंड झाडाकडे ठेवून उलट्या पावली मागे सरकत. कोणी फांदीत अडखळे, कोणी खड्ड्यात बसे. मीही हेच करत आलो होतो आणि त्यात मला भक्तीच दिसत होती.

सुखदेवरावांच्या घरी सकाळी बुद्धवंदना होते. दगडाला कुंकू लावणे त्यांच्यात नाही. पण ते आमच्या रिवाजाला हसले नाहीत. पायातले बूट काढून ते टोळीतल्या सर्वांत वडील माणसापाशी, काशीरामबुवांपाशी बसले.

"बुवा, देव इथून उचलून तिकडं बसवला तं चालन काय?" त्यांनी झाडाच्या तिरपे मागे, दूरवर बोट दाखवले.

"देवाले काय, बसवान तिथी बसन. पन झाडाले पाठ दावाची नाई."

"पाठ कायची? तोंड तं देवाकडंच राहीन."

बुवा स्वतः उठले आणि दगड उचलून निघाले. देवाला जायचे म्हणून माणसांनी ती वाट झाडून लख्ख केली. एवढी वर्षे मी वाट साफ करा म्हणून ओरडत होतो.

त्याच हंगामात एक मोठा साग पडताना शेजारच्या झाडात अडकला आणि त्याचा बुंधा उसळून मागे आला. विठ्ठलराव मशीन टाकून देवाकडे पळाले. नेहमी सरकून ते जिथे उभे राहत, तिथली माती बुंध्याने उकरली होती. ते दगडापाशी गुडघ्यांवर बसलेले होते, धापा टाकत. सुखदेवरावांनी त्यांना पाणी पाजले आणि शाबासकी बुवांना दिली.

ते पाहून मी थक्क झालो, आणि आजही आहे. आयुष्यभर मी देवापाशी माणसांच्या रक्षणाचे मागणे मागत आलो. ते मागणे असे पावलांखालच्या वाटेने पुरे होते, हे मला या माणसाने दाखवले. पंचाहत्तरीतही ते तोडीवर येतात. गुडघे कुरकुरतात, तरी ती वाट आधी स्वतः चालून पाहतात.

सुखदेवरावांच्या या गौरवग्रंथासाठी लिहितो आहे हे बहिणीला, विठ्ठलरावांच्या पत्नीला, सांगितले. ती भाकर थापत होती. म्हणाली, "माहं आयुष्य त्याईले लागो म्हनलं असतं, पन मंग यायले भाकर कोन देईन?" विठ्ठलराव समोरच ताटावर बसले होते. मग तिने हात थांबवला. "लिवा, देवानं त्याईले सोताच्या पोत्यातून भरपूर द्यावं. आमच्या घरी त्याईनंच राखलं आहे जे आहे ते."

माझेही मागणे तेच. सुखदेवरावांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो.